स्पाची २४ तासांची शर्यत पहिल्यांदा बघायला जाताय? मग हे वाचून निघा

बेल्जियमच्या आर्देन टेकड्यांमध्ये फ्रांकोरशां नावाचं एक लहानसं गाव आहे. त्याला लागून असलेल्या ७.००४ किलोमीटरच्या ट्रॅकवर दर उन्हाळ्यात साठहून जास्त जीटी-थ्री गाड्या (विक्रीच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्या) शनिवारी दुपारी सुटतात आणि रविवारी दुपारी थांबतात. पोर्शे, फेरारी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, लॅम्बोर्गिनी, अ‍ॅस्टन मार्टिन, सगळ्या एकमेकींना भिडलेल्या. १९२४ साली, फ्रान्समधल्या ले मांच्या पहिल्या २४ तासांच्या शर्यतीनंतर एका वर्षाने, ही सुरू झाली. केवळ जीटी गाड्यांची म्हणून हिच्या तोडीची दुसरी शर्यत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी आखेनला राहतो. इथून ट्रॅक गाडीने तासाभरावर आहे. आखेन, कलोन, आइंडहोवन, ब्रसेल्स या पट्ट्यात मराठी विद्यार्थी आणि वाहन उद्योगात काम करणारी मंडळी भरपूर आहेत, पुण्याहून प्रोजेक्टसाठी आलेलीही आहेत. त्यांच्यापैकी कुणी जायचं ठरवलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. फॉर्म्युला वनच्या सवयीने एका खुर्चीत बसून ही शर्यत बघायला गेलात तर तीन तासांत कंटाळाल. ती चालत चालत बघायची असते, आणि समोर काय चाललंय ते कळावं म्हणून थोडा अभ्यास करून जायचं असतं. म्हणून सहाव्या आणि सातव्या पायरीवर मी जास्त लिहिलंय. प्रवासाचं बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

१. आधी शर्यत नक्की कोणती ते बघा

याच ट्रॅकवर मे महिन्यात जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेची ६ तासांची शर्यत होते. तिच्यात हायपरकार, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या, धावतात. मोटरसायकलींची लांब पल्ल्याची शर्यत झालेली आहे, शिवाय फन कप नावाच्या छोट्या गाड्यांची २५ तासांची शर्यतही होते. नुसतं ‘स्पा एन्ड्युरन्स’ असं शोधून पहिलं दिसेल ते तिकीट घेऊ नका. तुम्हाला हवी आहे ती शर्यत एसआरओ ही स्टेफान रातेल यांची संस्था भरवते, आणि ती जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप मालिकेचा भाग आहे.

तारखेचीही गल्लत होते. ही शर्यत वर्षानुवर्षं जुलैच्या शेवटी व्हायची, त्यामुळे जुन्या लेखांत तसंच लिहिलेलं सापडेल. अलीकडे ती जूनच्या शेवटाकडे आली आहे. रजा टाकण्यापूर्वी अधिकृत वेळापत्रक बघा.

२. तिकीट

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. घेताना चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा: ट्रॅकवर प्रवेश, ग्रँडस्टँड, पॅडॉक (गॅरेजमागचा, टीमच्या कामाचा भाग) आणि पार्किंग किंवा कॅम्पिंग. एका तिकिटात सगळं येतं असं धरून चालू नका.

माझा सल्ला असा, की ग्रँडस्टँडवर पैसे घालवू नका. साध्या प्रवेशाच्या तिकिटावर टेकडीच्या उतारांवरून इतकं छान दिसतं की खुर्चीची गरजच पडत नाही. तेच पैसे पॅडॉकसाठी वापरा. पॅडॉकमध्ये मेकॅनिक टायर मांडून बसलेले असतात, शर्यतीआधी ड्रायव्हर सह्या देतात, आणि रात्री दोन वाजता गॅरेजमागे एखाद्या धडकलेल्या गाडीचं पुढचं अख्खं तोंड बदलताना दिसतं. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र ग्रँडस्टँडचा विचार करा, कारण उतारावर पाऊस पडला की चिखल होतो.

बुधवारी सुट्टी काढता आली तर सगळ्या गाड्या स्पा शहराच्या रस्त्यांवरून मिरवत नेतात ते बघायला जा.

३. कागदपत्रं

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण मे-जून म्हणजे युरोपला जाणाऱ्यांची झुंबड, त्यामुळे अपॉइंटमेंटच मिळत नाही. मार्चमध्ये कामाला लागा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सेवा केंद्राचे पैसे वेगळे.

जमवायची कागदपत्रं:
- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला पासपोर्ट
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग. तंबूत राहणार असाल तर कॅम्पिंगची पावती
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र
- नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र
- शर्यतीचं तिकीट. हे सक्तीचं नाही, पण प्रवासाचं कारण त्याने स्पष्ट होतं

इथे एक सापळा आहे. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. स्पाला तीन रात्री आणि पॅरिसला पाच असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो.

जर्मनी किंवा नेदरलँड्सचा रहिवासी परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात ठेवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून बेल्जियमच्या सीमेवरही तपासणी सुरू केली, आणि रविवारी रात्री परतताना कार्ड घरी राहिल्याचं लक्षात येणं फार त्रासाचं असतं. लंडनच्या मित्रमैत्रिणींनो, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर तुम्हाला व्हिसा काढावाच लागेल.

४. पोचायचं कसं, राहायचं कुठे

नावावरून फसू नका. स्पा हे शहर वेगळं आणि ट्रॅक वेगळा. मध्ये डोंगराळ रस्त्याचे दहाएक किलोमीटर आहेत. शहरात हॉटेल मिळालं म्हणजे चालत जाऊ, असा हिशेब करू नका. रात्री परतायला बस नसते.

रेल्वेने येणाऱ्यांनी व्हर्विये-सांत्राल स्टेशनला उतरायचं. आखेनहून तिथे लोकल जाते, लिएज आणि ब्रसेल्सहूनही गाड्या आहेत. पुढे टेक कंपनीची बस असते, पण शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. विद्यार्थ्यांनो, डॉइचलांडटिकीट (जर्मनीतला महिन्याचा पास) व्हर्वियेपर्यंत चालत नाही, पुढचं तिकीट वेगळं काढा.

चार जण मिळून गाडी करणं सगळ्यात सोयीचं. ई-४२ महामार्गावर फ्रांकोरशांचा फाटा आहे. शनिवारी सकाळी दहाच्या आत पोचा, त्यानंतर फाट्यावरच रांग लागते. पार्किंग लांब मिळालं तरी गाडी कुठे लावली ते मोबाइलमध्ये खूण करून ठेवा, कारण रात्री सगळी कुरणं सारखीच दिसतात.

राहण्यासाठी तंबू उत्तम. ट्रॅकभोवती कॅम्पिंगच्या जागा आहेत आणि गाड्यांचा आवाज रात्रभर अंथरुणात येतो. ज्यांना झोप महत्त्वाची आहे त्यांनी व्हर्विये, मालमेदी किंवा थेट लिएजला खोली घ्यावी आणि ती काही महिने आधीच घ्यावी.

५. सामान आणि खाणं

आर्देनचा पाऊस वेळकाळ बघत नाही. ट्रॅक सात किलोमीटरचा, आणि सगळ्यात उंच आणि सखल जागेत सुमारे १०० मीटरचा फरक. वर धो धो पाऊस आणि खाली कोरडा रस्ता, असं इथे खरोखर होतं. छत्री आणू नका, मागच्यांना दिसत नाही. खाली दिलेलं मात्र हवंच:
- रेनकोट आणि पाणी न शिरणारे, पकड असलेले बूट
- स्वेटर किंवा जाड जॅकेट. जूनमध्येही पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो
- कानात घालायचे बोळे, मुलांसाठी कान झाकणारे इअरमफ
- डोक्याला बांधायचा टॉर्च, पॉवर बँक
- खाली घालायला प्लास्टिकची चटई किंवा घडीची खुर्ची
- थोडी रोकड

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. बेल्जियमचे बटाट्याचे फ्राइट्स पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत तळतात. स्टॉलवर विचारल्याशिवाय घेऊ नका. लिएजच्या वॉफलमध्ये अंडं असतं. म्हणून डबा बरोबर असलेला बरा: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, रव्याचे लाडू. भारतातून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, की युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी आणि तुपातले लाडू घरीच ठेवा. चिवडा आणि चटणीला अडचण येत नाही.

या भागाची भाषा फ्रेंच आहे. इंग्रजीवर काम भागतं, पण ‘बोंझूर’ म्हणून सुरुवात केलीत तर समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

६. जाण्याआधी शर्यत वाचायला शिका

नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे होते. पहिल्या तासानंतर गाड्या ट्रॅकभर पसरतात आणि कोण पुढे, कोण मागे, काहीच कळेनासं होतं. चार गोष्टी समजून घ्या, मग चित्र उलगडतं.

पहिली गोष्ट गाड्यांची. इंजिनं एकमेकांशी जुळत नाहीत: पोर्शे ९११ ला सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, मर्सिडीजला मोठं व्ही-८, फेरारी २९६ ला दोन टर्बोंचं व्ही-६. मग स्पर्धा बरोबरीची कशी? संयोजक प्रत्येक मॉडेलचं वजन, ताकद वगैरे ठरवून देतात, कुणाला थोडं ओझं, कुणाला थोडी कमी ताकद. त्याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात. त्यामुळे ‘कुठली कंपनी सगळ्यात वेगवान’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. चुका कोण टाळतो, ते बघायचं. तरी इतिहास बघायचा तर सर्वाधिक विजय बीएमडब्ल्यूच्या नावावर आहेत, आणि ड्रायव्हरांमध्ये बेल्जियमचा एरिक व्हान द पूल पाच वेळा जिंकला आहे.

दुसरी गोष्ट वर्गांची. सगळ्या गाड्या जीटी-थ्रीच, पण ड्रायव्हरांच्या दर्जानुसार प्रो, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे वर्ग पडतात. ब्राँझच्या गाडीत एखादा हौशी ड्रायव्हर असतो, जो एरवी उद्योगधंदा सांभाळतो. म्हणजे पडद्यावर तिसाव्या जागी दिसणारी गाडी तिच्या वर्गात पहिली असू शकते आणि तिची स्वतःची झुंज चाललेली असते. एखादी ब्राँझची गाडी निवडून रात्रभर तिच्या मागावर राहा. मला तरी यात पहिल्या क्रमांकाच्या लढतीइतकीच मजा येते.

तिसरी गोष्ट पिटस्टॉपची. गाडीला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गॅरेजपाशी, न थांबता एका दमात जास्तीत जास्त ६५ मिनिटं धावता येतं. म्हणजे दर तासाला गाड्या पेट्रोल भरायला, टायर आणि बऱ्याचदा ड्रायव्हरही बदलायला आत येतात. काही आधी येतात, काही उशिरा. या काळात पडद्यावरचा क्रम खोटा असतो. सगळ्यांचे थांबे झाले की मगच खरा क्रम समजतो. शिवाय ब्रेक बदलता यावेत म्हणून प्रत्येक गाडीला एक लांबचा सक्तीचा थांबा घ्यावा लागतो. तो कुणाचा झालाय आणि कुणाचा बाकी आहे हे माहीत असेल, तर रविवारी सकाळी तुम्ही शेजाऱ्यांना शर्यत समजावून सांगाल.

चौथी गोष्ट सेफ्टी कारची. अपघात झाला की आधी पूर्ण ट्रॅकवर पिवळे झेंडे आणि वेगाची मर्यादा, मग बहुतेक वेळा सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांपुढे संथ चालणारी संयोजकांची गाडी. तिच्या मागे सगळ्या गाड्या एकत्र येतात आणि तासाभरात कमावलेली आघाडी मिनिटात जाते. कसलेल्या टीम या क्षणाची वाट बघत पिटस्टॉप राखून ठेवतात. पिवळे झेंडे दिसले की नजर ट्रॅककडून पिटच्या तोंडाकडे वळवा.

आणखी एक, सहा आणि बारा तासांनंतरही मालिकेचे गुण मिळतात. त्या दोन्ही वेळांच्या आधी अर्धा तास लढत एकदम तापते.

मोबाइलवर अधिकृत लाइव्ह टायमिंग उघडून ठेवा. संपूर्ण शर्यत जीटी वर्ल्डच्या यूट्यूब वाहिनीवर इंग्रजी समालोचनासह फुकट दिसते. भारतातून येणं जमत नसेल तर घरून बघा: दुपारी साडेचारची सुरुवात म्हणजे आपल्याकडे रात्री आठ.

७. कधी, कुठे उभं राहायचं

सुरुवात, साधारण साडेचार. ला सूर्स हे पहिलं वळण म्हणजे एकदम आवळलेला पिळा. इथे साठ-सत्तर गाड्या एकाच वेळी घुसतात. दोन तास आधी जागा धरा. पुढे उतारावरून गाड्या ओ रूज या वळणाला येतात आणि रेडियोंच्या चढणीवर फेकल्यासारख्या वर जातात. टीव्हीवर सपाट दिसणारी ही चढण प्रत्यक्षात घाट आहे, आणि ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. २०२१ च्या शर्यतीत पहिल्या तासातच इथे मोठा अपघात झाला होता. २०२२ पर्यंत इथल्या कडेच्या जागा रुंद करून खडी घातली गेली.

संध्याकाळी सहा ते नऊ. चालायला लागा. केमेलच्या सरळ रस्त्याच्या बाजूने ले कोंब या वळणापर्यंत चढा, मग झाडीतून रिव्हाज या वळणाकडे उतरा आणि पूओंला जाऊन बसा. पूओं हे उतारावरचं लांबलचक डावं वळण. वरच्या कुरणावरून गाडी आत शिरताना, मध्ये आणि बाहेर पडताना अशी पूर्ण दिसते. कुठला ड्रायव्हर टायर जपतोय आणि कुठला ओढतोय, हे इथे साध्या डोळ्यांना कळतं. माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

साडेदहाच्या सुमारास सहा तास पूर्ण होतात, आणि जूनमध्ये अंधारही तेव्हाच पडतो. आता ब्रेक जोरात लागतात अशा जागी जा: ले कोंब, बस स्टॉप शिकेन (फेरीच्या शेवटचं नागमोडी वळण) किंवा परत ला सूर्स. चाकांच्या आत ब्रेकच्या तबकड्या लालभडक तापलेल्या दिसतात. गाडीचा नंबर दिसत नाही, पण आवाज ओळखता येतो. मर्सिडीजचा घोगरा, खर्जातला, पोर्शेचा चिरका.

मध्यरात्र ते पहाट. पूर्ण चोवीस तास जागायचा हट्ट करू नका. रात्री एक ते चार झोपा. नवखे नेमके इथे चुकतात: रात्रभर जागतात आणि रविवारी दुपारी, निकाल लागायच्या वेळी, खुर्चीत घोरत असतात. पावसाची रात्र असेल तर झोपणं आणखी शहाणपणाचं. २०२४ च्या शताब्दी वर्षात रात्री एवढा पाऊस झाला की गाड्या कित्येक तास सेफ्टी कारमागे संथ फिरत होत्या. ती शर्यत पुढे अ‍ॅस्टन मार्टिनने जिंकली, १९४८ नंतर पहिल्यांदा.

पहाटे सव्वाचारला उठा. साडेचारला बारा तास होतात आणि उजाडायला लागतं. स्टाव्हलोच्या बाजूला धुकं असतं, गाड्यांवर रात्रभराचं काळं किटण, टेपने चिकटवलेले बंपर. गर्दी झोपलेली असते, तुम्हाला हवी ती जागा मिळते. पोट भरून खा आणि पॅडॉकचं तिकीट असेल तर तिथे फेरी मारा.

शेवटचे दोन तास. ब्लांशिमों या वळणाच्या किंवा बस स्टॉप शिकेनच्या जवळ, मोठा पडदा दिसेल अशा जागी बसा आणि हलू नका. २०२१ मध्ये शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, ओल्या ट्रॅकवर, फेरारीच्या आलेस्सांद्रो पिएर गुइदीने ऑडीच्या ड्रीस व्हानथोरला ब्लांशिमोंच्या बाहेरच्या बाजूने मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. ब्लांशिमों पूर्ण वेगात घेतात. तिथे बाहेरून, पावसात, जवळजवळ चोवीस तासांच्या थकव्यानंतर! पार्किंगची गर्दी टाळायला लवकर निघालेल्यांनी हे रेडिओवर ऐकलं.

८. परतताना

झेंडा पडल्यावर लगेच गाडी काढू नका. बाहेरच्या रस्त्यांवर तसंही दीड-दोन तास काही हलत नाही. तेवढ्यात पोडियमचा सोहळा बघा, उरलेला डबा संपवा, आणि गाडी चालवणाऱ्याने तासभर झोप काढावी. चौघांत दोघांना चालवता येत असेल तर कुणी रविवारी सकाळी जास्त झोपायचं ते शनिवारीच ठरवा.

रेल्वेने जाणाऱ्यांनी व्हर्वियेची शेवटची सोयीची गाडी आधी बघून ठेवावी आणि तिच्या एक आधीची पकडायच्या बेताने निघावं, कारण बस गर्दीत अडकते. भारतात परतणाऱ्यांनी विमान सोमवारी दुपारनंतरचंच घ्या. ओले बूट आणि तंबू बॅगेत भरण्याआधी वाळवायला सोमवारची सकाळ लागतेच.